कलती अन्नपूर्णा

साखरपेकरांची तलवार पानिपतावर गेली होती का, हा प्रश्न कुलमंडळात कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याला पुढच्या संमेलनात पंगतीत ताक वाढायचं काम मिळे, आणि साखरपेकर ताक फार पितात. त्यामुळे तलवार गेली होती, लढली होती आणि मूळपुरुषाच्या कमरेला लटकून सांगलीला परतलीही होती. मूळपुरुष त्या लढाईच्या वेळी तीन वर्षांचा होता, एवढी एक अडचण होती. पण ती कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत दूर करण्यात आली.

मग स्पर्शिका आली.

हे यंत्र शिवणयंत्राच्या पेटीएवढं. वर काच, काचेवर वस्तू ठेवायची, बाजूच्या पाटीवर घरातल्या माणसांनी आपापला पंजा टेकवायचा, की वस्तूला आजवर कोणी कोणी हात लावला ते यंत्र सांगतं. यात जादू काही नाही. हाताला घाम असतो, घामात तेल, तेलात कातडीचे कण आणि त्या कणांवर संसार थाटून बसलेले जंतू. दोन माणसांच्या हातावरची जंतूंची वस्ती कधीच सारखी नसते. सख्ख्या भावांचीही नसते. हे सगळं धातूवर बसतं, धातू त्याच्याशी हळूहळू झटापट करतो आणि एक पापुद्रा तयार होतो. मग त्यावर पुढच्या पिढीचा पापुद्रा. वर्षानुवर्षं चिंच लावून घासलं तरी तो उघड्या भागावरूनच जातो. खाचाखोचांत, नक्षीत, मूर्तीच्या काखेत तो तसाच राहतो. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे हे थर यंत्र मोजतं.

नात्याचं कळतं तेही असंच. प्रत्येक पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात आणि ती माणसाला फक्त आईकडून मिळतात.

"फक्त आईकडून?" कुलमंडळाचे अध्यक्ष दत्ताकाका साखरपेकर यांनी विचारलं होतं.

"हो, काका," यंत्र चालवणारी अल्फिया मुजावर म्हणाली. ती मिरजेच्या प्रयोगशाळेतून यायची. हातात पातळ मोजे घालायची, आपला हात वस्तूंच्या इतिहासात घुसू नये म्हणून.

"वडिलांकडून काहीच नाही?"

"या वीजघरांपुरतं काहीच नाही."

"एखादं कनेक्शनसुद्धा नाही?"

"नाही, काका."

दत्ताकाकांना हे विज्ञान अपुरं वाटलं. पण दुसऱ्या एका कुलमंडळाने आपल्या घराण्यातल्या वस्तूंची सूची या यंत्रावर करून घेतली होती, आणि त्या घराण्यापेक्षा साखरपेकर मागे राहणं शक्य नव्हतं. संमेलनात पडद्यावर दाखवण्यासाठी घरोघरच्या जुन्या वस्तूंचा 'वस्तुवृत्तांत' करायचं ठरलं. पहिला मान तलवारीचा.

अल्फियाने तलवार काचेवर ठेवली. यंत्राने बराच वेळ घेतला.

"काका, पात्यावर चीक आहे," ती म्हणाली. "फणसाचा. भरपूर. आणि गोडेतेल."

"आणि रक्त?"

"थोडंसं आहे. बोट कापल्यासारखं. हात सगळे बायकांचे आहेत. चारपाच पिढ्या."

दत्ताकाकांनी चष्मा काढून पुसला. "पानिपतच्या वाटेवर," ते विचारपूर्वक म्हणाले, "फणस पिकत असावा."

या शोधाने घराघरांत उत्सुकता पसरली. कोणाची संध्येची पळी चार पिढ्यांत एकाही पुरुषाने उचललेली नव्हती. कोणाच्या विद्वान पणजोबांच्या पोथीची पहिली तीन पानं हाताळलेली निघाली आणि पुढची सगळी कोरी करकरीत. लोक चिडत होते, हसत होते आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक वस्तू माळ्यावरून काढून आणत होते.

वैजयंतीबाईंकडे आणायला एकच वस्तू होती, आणि तिच्यावरून त्यांचं दत्ताकाकांशी आधीच वाजलं होतं.

दत्ताकाका हे त्यांचे चुलत दीर. वैजयंतीबाईंना आपल्या माहेरची अन्नपूर्णा सूचीत हवी होती. लग्नात मुलीला माहेरहून अन्नपूर्णेची मूर्ती देतात. अंगठ्याएवढी, बसलेली, हातात पळी. बहुतेक जण बाजारातून नवी आणतात. वैजयंतीबाईंच्या माहेरी मात्र आईने स्वतःचीच मूर्ती मुलीच्या पदरात घालायची रीत होती. त्यांच्या पणजीने आजीला दिली, आजीने आईला, आईने त्यांना. म्हणजे चार बायका, चार आडनावं आणि चार कुलवृत्तांत. त्या चारही कुलवृत्तांतांत या बायकांची नोंद 'पत्नी' एवढ्याच शब्दात होती. आजीच्या बाबतीत तर चुकून 'पुत्री' छापलं होतं.

"वहिनी, अहो ही साखरपेकरांच्या वस्तूंची सूची," दत्ताकाका म्हणाले होते. "त्यात माहेरची वस्तू कशी घालायची?"

"भाऊजी, तुमच्या देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णा काय साखरपेकरांनी प्रसवल्यात? सगळ्या माहेरच्याच."

"पण पुरावा? चार पिढ्या वगैरे सगळेच सांगतात."

हे तलवारवाल्याने म्हणावं! पण तेव्हा फणस निघायचा होता, त्यामुळे वैजयंतीबाई एवढंच म्हणाल्या, "यंत्र देईल की पुरावा."

म्हणून आज यंत्र त्यांच्या फ्लॅटमध्ये आलं होतं आणि यंत्रामागून दत्ताकाका. देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा होत्या. एक वैजयंतीबाईंच्या सासूबाईंची, एक त्यांची. चिंचेने घासून घासून दोघींची नाकं गेली होती, त्यामुळे चेहऱ्यावरून कोण कोणाची ते सांगता येत नसे. वाटीतल्या तांदळावर दोघी बसलेल्या. त्यातली एक जरा डावीकडे झुकलेली.

"देव्हारा कललाय," वैजयंतीबाईंचे यजमान शिरीषराव अल्फियाला म्हणाले. जलसंपदा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कललेल्या गोष्टींचं खातं होतं. "मी पायाखाली पुठ्ठा घातलाय. निषादच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या ना, चांगल्या जाड. दरवर्षी एक वाढवतो. तरी कलतोच."

वैजयंतीबाईंनी पंजा पाटीवर टेकवला. मूर्ती काचेवर ठेवताना त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बाई, आज नाव काढ.

यंत्र थांबलं. अल्फियाने पडदा पाहिला, मूर्ती फिरवून पुन्हा ठेवली, पुन्हा पडदा पाहिला.

"काकू, ही तुमच्या लग्नातली ना?"

"हो की. त्रेचाळीस वर्षं झाली. रोज माझ्या हाताने अंघोळ घालते."

"तुमचा हात आहे. पण वरवर. अगदी अलीकडचा." ती चाचरली. "त्याच्या खाली तीन बायका आहेत. एक, तिची आई आणि आईची आई. पण त्यांचं तुमच्याशी काही नातं लागत नाही."

शिरीषराव म्हणाले, "यंत्राला गरम झालं असेल. पंखा लावू का?"

वैजयंतीबाईंनी मनातल्या मनात मोजलं. तीन बायका. एक, तिची आई आणि आईची आई. असल्या मूर्तीची आणखी एकच मालकीण या घरात येऊन गेली होती.

त्यांचा मुलगा निषाद आणि सून ऋजुता यांचं चार वर्षांत मोडलं. निषाद आता स्टुटगार्टला होता. सामान न्यायला ऋजुता आली, तो दिवस वैजयंतीबाईंना स्वच्छ आठवत होता. मुलीने माहेरहून आणलेली देवी मुलीबरोबर परत जायची, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवशी देव घासायला काढले होते. तिन्ही अन्नपूर्णा चिंचेच्या पाण्यात, ताटात, एकीलाही नाक नाही. ऋजुता दाराशी उभी. खाली टेम्पो. शिरीषराव पेपरात डोकं घालून बसलेले, निषाद बाल्कनीत. वैजयंतीबाईंचे डोळे भरून आलेले, आणि ते भरले आहेत हे कोणाला दिसू नये म्हणून त्या ताटावर वाकल्या, हाताला आली ती मूर्ती पदराला पुसली आणि ऋजुताच्या हातात दिली. कोणी काही बोललं नाही. निरोप संपला.

हाताला आली ती. हाताला दुसरी कुठली येणार होती? हात सवयीने आपल्याच मूर्तीवर गेला.

"माझी तिच्याकडे गेली," वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या. "चुकून. ही तिची आहे."

"कोणाकडे?" दत्ताकाकांनी विचारलं आणि उत्तर कळताच त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरवायचा प्रयत्न केला. "अरेरे. म्हणजे नोंद राहिलीच की, वहिनी. मूर्ती आणा, मग बघू. रविवारी संमेलन."

दत्ताकाका गेल्यावर शिरीषराव म्हणाले, "आता सहा वर्षांनी तिच्या दारात जायचं? फोन तरी कर आधी."

"काय सांगू फोनवर? मी रोज तुझ्या देवीला अंघोळ घालते, माझी तेवढी परत दे?"

"मग राहू दे. घरात आहे की एक मूर्ती. मूर्ती ती मूर्ती."

"तुमची तलवार कोणी नेली असती तर?"

"तलवारीची विळी झाली गं," शिरीषराव खिन्नपणे म्हणाले. "न्या म्हटलं असतं."

चौथ्या दिवशी वैजयंतीबाईंनी ऋजुताची मूर्ती खणात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. अदलाबदल करायची, चहा दिला तर घ्यायचा, आणि निघायचं. यंत्र अल्फियाशिवाय हलत नसे, म्हणून अल्फियाही निघाली. बिनचालकाच्या बसने दोघी कोल्हापूरला पोचल्या. वाटेत जयसिंगपूरला बस स्वतःहून रसवंतीसमोर थांबली. प्रवाशांनी इतक्या वेळा थांबवली होती, की तिनेच ते शिकून घेतलं होतं.

ऋजुता राजारामपुरीत राहायची. दातांची डॉक्टर; खाली दवाखाना, वर घर. दार उघडलं आणि ती बघत राहिली. चार वर्षं ती यांना 'आई' म्हणत होती. आता काय म्हणायचं ते तिला सुचलं नसावं, कारण ती नुसतंच "या" म्हणाली.

"ही अल्फिया," वैजयंतीबाई म्हणाल्या. "यंत्र घेऊन आलीय. आमच्याकडे सूची चाललीय वस्तूंची…"

"माहितीये. फणसाची तलवार." ऋजुताच्या ओठाचा कोपरा हलला. "कोल्हापूरपर्यंत आलीय ती बातमी. बसा ना."

मूर्ती स्वयंपाकघरात होती. डाळीच्या बरण्यांशेजारच्या फळीवर, वाटीत तांदूळ, तांदळावर ती. नाक नाही. पाठ सरळ. वैजयंतीबाईंनी ती दारातूनच ओळखली, आणि गेली सहा वर्षं आपल्याला हे कसं दिसलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. ही ताठ बसते. ही कायम ताठच बसायची. आईसारखी.

"मला वाटलंच होतं, तुम्ही कधीतरी याल," ऋजुता चहाचं आधण ठेवत म्हणाली.

"तुला माहीत होतं? बदलल्याचं?"

"पहिल्याच दिवशी. घरी आले, तांदळावर ठेवली, तर ही अशी बसलेली, शाळेतल्या बाईंसारखी. आमची अशी नाही बसत, डावीकडे कलते. आजी म्हणायची, शेजारणीचं बोलणं ऐकतेय."

देव्हाऱ्याच्या पायाखालच्या सहा लग्नपत्रिका वैजयंतीबाईंच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मग फोन का नाही केलास?"

"उचललाच होता." ऋजुताने गॅस बारीक केला. तिने मागे वळून पाहिलं नाही. "मला तुमचा फार राग होता. सगळे निषादच्या बाजूने बोलत होते, ते समजण्यासारखं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तो राग होता. म्हटलं, फोन करावा आणि सुनवावं, की तुम्हाला स्वतःचा देवही ओळखता येत नाही. आणि मग एकदम लक्षात आलं, की असं कसं होईल? रोज हातात घेतलेली मूर्ती कोण विसरेल? चुकून कशी देईल?"

अल्फियाने यंत्राच्या एका बटणाकडे एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली.

"तुमच्या आईची होती ना ती? मला सांगितलं होतंत तुम्ही. आणि माझी आई तर लग्नाआधीच गेली होती." आता ऋजुता वळली. "तुम्हाला तोंडाने काही बोलता येत नव्हतं सगळ्यांसमोर, म्हणून हाताने दिलीत. ते वर्ष मी त्याच्यावर काढलं. कोर्टात जातानासुद्धा पिशवीत होती."

चहा वर आला. तिने तो उतरवला, गाळला आणि अगदी सवयीने वैजयंतीबाईंच्या कपात साखर कमी घातली.

वैजयंतीबाईंच्या मांडीवर पर्स होती, पर्समध्ये खण आणि खणात उत्तर. चुकून गेली, हे दोन शब्दांचं वाक्य त्या सांगलीपासून घोकत आल्या होत्या. त्या दोन शब्दांनी आई परत मिळणार होती, आईची आई, तिची आई. रविवारी पडद्यावर चौघींची नावं लागणार होती. त्यांनी चहाचा घोट घेतला. गरम होता, म्हणून कप खाली ठेवला आणि पर्स मांडीवरून बाजूला सारली.

"अल्फिया," त्या म्हणाल्या, "तू बघून घे गं तुझं."

दोघींनी पंजे टेकवले. ताठ मूर्ती काचेवर बसली. यंत्राने या वेळी वेळ लावला नाही.

"तळाला एक," अल्फिया वाचू लागली. "त्यावर तिची मुलगी. त्यावर तिची मुलगी. त्यावर तिची मुलगी, त्या तुम्ही, काकू. फार जाड थर आहे तुमचा. आणि सगळ्यात वर ऋजुताताई. त्यांचं तुमच्याशी नातं लागत नाही, पण थर चांगला बसलाय." तिने मान वर केली. "एक रकाना राहिला. तुमच्याकडून ताईंकडे मूर्ती का गेली. वारसा, विक्री, भेट किंवा चूक. यातलं एक लिहावं लागतं."

"ते यंत्राला नाही कळत?"

"नाही, काकू. हात कोणाचा ते कळतं. का पुढे केला ते नाही."

शंभर वर्षांपूर्वीचा घाम वाचणाऱ्या यंत्राने एवढा एक रकाना माणसांच्या तोंडावर सोडला होता.

"भेट," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"तारीख?"

"तीच. ज्या दिवशी ती घरातून गेली ती."

"म्हणजे सुरुवातीपासूनच भेट?" अल्फियाचा चेहरा यंत्रापेक्षा कोरा होता. चार दिवसांपूर्वी याच बाईंच्या तोंडून 'चुकून' हा शब्द तिने स्वतः ऐकला होता.

"तू लिही गं मुकाट्याने."

तिने लिहिलं.

"आणि माझी?" ऋजुताने विचारलं. "माझी कुठेय?"

वैजयंतीबाईंनी पर्स उघडून खण बाहेर काढला. खोटं एकदा बोललं की दुसरं बोलायला पुन्हा वेगळी हिंमत लागत नाही. "म्हटलं, तुला दाखवावी. बऱ्याच दिवसांत बघितली नसशील."

ऋजुताने मूर्ती ओट्यावर ठेवली. ती लगेच डावीकडे कलली. ऋजुता हसली, मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. तिने मूर्ती उचलली, थोडा वेळ मुठीत धरली, परत खणात गुंडाळली आणि वैजयंतीबाईंच्या हातात दिली.

"अगं, तुझ्या आईची आहे ती."

"तुमच्या आईची माझ्याकडे नाही का? ही तुमच्याकडे नुसती राहून गेली होती. आता देते." ती अल्फियाकडे वळली. "हिचंही भेटच लिही. आजची तारीख घाल."

निघताना दारात तिने हाक मारली, "अहो आई, हिला डाव्या अंगाला तांदूळ थोडे जास्त घालत जा."

रविवारी संमेलनात पडद्यावर तलवार झळकली. खाली 'घराण्याचे बहुउपयोगी शस्त्र' असं लिहिलं होतं. हा तोडगा काढायला कार्यकारिणीच्या दोन बैठका लागल्या होत्या. मग अन्नपूर्णा आली. पाठ सरळ, शेजारी पाच बायकांची नावं, शेवटचं ऋजुताचं.

दत्ताकाका लगबगीने वैजयंतीबाईंच्या खुर्चीपाशी आले. "वहिनी, ती मुलगी आता साखरपेकर नाही!"

"वरच्या तिघी तरी कुठे आहेत, भाऊजी?"

"मग यात आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. तुमच्या कुलवृत्तांतात जेवलेल्यांची नावं आहेत. यात वाढणाऱ्यांची."

तेवढ्यात पानं मांडल्याची घोषणा झाली आणि साखरपेकर कुळ एकमुखाने उठलं. ताक वाढायला त्या वर्षी वैजयंतीबाई होत्या.

घरी आल्यावर त्यांनी देवापुढे निरांजन लावलं. कलती अन्नपूर्णा वाटीत बसली होती, कान लावून. वैजयंतीबाईंनी डाव्या अंगाला चिमूटभर तांदूळ सारले. ती थोडी सावरली, पण थोडीच.

"अहो," त्यांनी हाक मारली, "ते देव्हाऱ्याखालचे पुठ्ठे काढून टाका. सगळे."

शिरीषराव चष्मा आणि पातळीयंत्र घेऊन आले. त्यांनी पत्रिका एकेक करून ओढल्या, धूळ झटकली, मग देव्हाऱ्यावर पातळीयंत्र ठेवून बराच वेळ बुडबुड्याकडे पाहिलं. बुडबुडा बरोबर मधोमध होता.

"देव्हारा तर सरळ आहे," ते म्हणाले. "मग कलतंय काय?"

"ती कलते," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तिला तसंच बसू द्या."